हालकुडे सरांचा ड्रायर

यंदा श्रावणात लातुरात पाऊस लागला तो थांबायचं नावच घेईना. पहिले तीन दिवस लोकांनी आनंद मानला, पुढचे चार दिवस फोटो काढले, आणि आठव्या दिवसापासून घराघरांतून ओल्या कपड्यांचा कुबट वास सुटला. ज्या गावानं एकेकाळी रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं, त्या गावाला पावसाविरुद्ध तक्रार करायची सवय नव्हती. त्यामुळे जिन्यात भेटले की लोक एकमेकांना हळूच विचारत, "तुमचं वाळलं का?"

तिसऱ्या मजल्यावरच्या हालकुडे सरांना हा प्रश्न फार जिव्हारी लागे. शिवमूर्ती हालकुडे हे कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होते, आणि बाष्पीभवन या विषयावर त्यांचा अधिकार सर्वमान्य होता. घरात मात्र दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत बांधलेल्या दोऱ्यांवर त्यांचेच लेंगे लोंबत होते, आणि सर त्यांच्याखालून वाकून ये-जा करत होते.

लेंग्यांचं एवढं काही नव्हतं. खरी काळजी अव्वाची होती. सरांची आई शरणम्मा, वय अठ्ठ्याहत्तर, चाकूरच्या घरी एकटी राहायची. जूनमध्ये न्हाणीत पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, की आता यांना एकटं ठेवू नका. त्या दिवसापासून सर धास्तावलेले होते. वर्गात शिकवताना मध्येच त्यांना ती ओली न्हाणी दिसायची. त्यांनी अव्वाला लातूरला आणलं आणि आता ती इथून हलू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

अव्वाची रोज सकाळी लिंगपूजा. पूजेला मडीचं लुगडं लागतं, म्हणजे स्वतः धुतलेलं आणि वाळेपर्यंत दुसऱ्या कुणी न शिवलेलं. असं लुगडं ती न्हाणीघरात उंच काठीवर टाकायची. नवव्या दिवशी ते काढून तिनं गालाला लावून पाहिलं आणि जाहीर केलं, "शिवा, तुझ्या लातुरात लुगडं वाळंना. मी चाकूरला जाते."

"अव्वा, चाकूर काय परदेशात हाय का? पस्तीस किलोमीटर. तिथंबी हाच पाऊस पडायलाय."

"तिथला पाऊस येगळा," अव्वा म्हणाली. आणि तिनं लुगडं परत काठीवर टाकलं.

त्याच संध्याकाळी सरांनी ड्रायर घ्यायचं ठरवलं. ठरवणं सोपं होतं. पुढचं सगळं अवघड गेलं, कारण सर शास्त्रीय पद्धतीनं जाणारे गृहस्थ होते. त्यांनी आलेखाच्या कागदावर तीन रकाने आखले. पहिला प्रकार पाईपवाला: कपड्यांतली वाफ पाईपानं घराबाहेर सोडतो. दुसरा टाकीवाला: वाफ थंड करून तिचं पाणी एका टाकीत साठवतो. तिसरा हीट पंपवाला: त्यालाही टाकी असते, पण तो मंद आचेवर सावकाश वाळवतो. सरांनी प्रत्येकाला दहापैकी गुण दिले आणि पाईपवाला पहिला आला. यंत्र साधं, बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नाही, फक्त भिंतीला चार इंचांचं एक भोक.

मंजुश्रीनं, म्हणजे सरांच्या पत्नीनं, तो कागद वाचला आणि म्हणाली, "अहो, भोक पाडायचं तर भुजंगरावांना विचारावं लागंल." सरांनी पेन खाली ठेवलं.

भुजंगराव पहिल्या मजल्यावर राहत आणि सोसायटीचे सचिव होते. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण फायली त्यांच्यातून निवृत्त झाल्या नव्हत्या. त्यांनी सरांना अर्ज तीन प्रतींत द्यायला लावला, भोकाचा नकाशा जोडायला लावला, आणि भोक आतून बाहेर पाडणार की बाहेरून आत, हे स्पष्ट नाही म्हणून तो एकदा परतही केला. अखेर रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली. एवढी उपस्थिती लिफ्ट बंद पडली तेव्हासुद्धा नव्हती.

"सर, ह्या पाईपातनं नेमकं काय निघणार?" भुजंगरावांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं.

"वाफ. कपड्यांतलं पाणी वाफ होऊन बाहेर जाईल."

"म्हंजे पानी बाहेर फेकणार?"

"वाफ हो, भुजंगराव."

"वाफ म्हंजे पानीच की. तुम्हीच शिकवता न्हवं का पोरांला?"

सभेत कुजबुज सुरू झाली. तळमजल्यावरच्या उमाबाईंनी विचारलं, की ते पाणी न फेकता साठवणारं मशीन मिळत नाही का. सर खोटं बोलू शकत नसत. ते म्हणाले, "मिळतं. टाकीवालं." मग मात्र सभेचा नूरच पालटला. बाहेर धो धो पाऊस पडत होता, पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचलं होतं, आणि त्यात खुर्च्या मांडून बसलेली माणसं एका माणसानं रोज दोन-अडीच लिटर पाणी हवेत सोडावं की काय, यावर पोटतिडकीनं बोलत होती. उन्हाळ्यात दहा दिवसांनी नळ येतो तेव्हा काय करायचं, असं एकानं विचारलं. टँकरच्या रांगेत कुणी कुणाला ढकललं होतं, तेही जुनं प्रकरण निघालं. शेवटी भुजंगरावांनी ठराव वाचला: 'इमारतीतील कोणत्याही सदस्याने कपड्यांतील पाणी भिंतीस भोक पाडून हवेत सोडू नये.' ठराव एकमतानं मंजूर झाला. सरांनीही हात वर केला, कारण शास्त्रीयदृष्ट्या त्यात चूक काढायला त्यांना जागा सापडली नाही.

पाईपवाला बाद झाला. आता टाकीवाला घ्यायचा की हीट पंपवाला, एवढंच उरलं. पण घराचा वीजभार वाढवून घ्यायला सर वीज कार्यालयात गेले, तर खिडकीत आरती नावाची त्यांची जुनी विद्यार्थिनी बसलेली. तिनं सरांना आदरानं खुर्ची दिली आणि अर्ज वाचून म्हणाली, "सर, साधा टाकीवाला घेऊ नका. त्यात हीटर ऱ्हातो. गिझर अन् त्यो एकदम लावला की तुमचं सगळं घर अंधारात जाईल. हीट पंपवाल्याला वीज कमी लागती, भार वाढवायबी लागणार न्हाई. तुम्हीच शिकवलं होतं की हे. मला त्यात पन्नासपैकी सात पडले होते."

रांगेतले चार लोक हसले. सरांनी अर्ज परत घेतला आणि त्या सात गुणांबद्दल बावीस वर्षांत प्रथमच त्यांच्या मनात शंका आली.

हीट पंपवाला ड्रायर लातुरात शिल्लक नव्हता. सरांना नांदेड गाठावं लागलं. तिथल्या मोठ्या दुकानात सत्यम नावाचा विक्रेता होता. त्यानं यंत्राचं दार उघडून दाखवलं, जाळी काढून दाखवली, आतला पिंप फिरवून दाखवला. "सर, ह्यो समजा फ्रीजचाच भाऊ हाय, फक्त उलट्या डोक्याचा," तो म्हणाला. सरांना ही व्याख्या पाठ्यपुस्तकापेक्षा बरी वाटली. इतक्यात फोन वाजला. व्हिडिओवर भुजंगराव होते आणि त्यांच्या मागं निम्मी इमारत उभी होती.

"सर, टाकी दाखवा. हां. केवढी हाय? त्यांना इचारा, एका येळंला पानी किती निंगतं?"

सत्यमनं फोनकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. "सर, चार वर्षं झाली मी ही मशीन इकून राहिलो. लोक विचारतात आवाज किती, वीज किती. पाणी किती देतो म्हणून आजपोत्तर कुणीच विचारलं न्हाई. कुठून आलात?"

"लातूर," सर म्हणाले.

"मग बरोबर हाय," सत्यम म्हणाला आणि त्यानं टाकीचं माप सांगितलं.

मशीन टेम्पोतून आलं तेव्हा लिफ्ट बंद होती. पन्नास किलोंचं ते धूड दोघा हमालांनी जिन्यानं वर चढवलं. प्रत्येक मजल्यावर त्यांना थांबवून लोकांनी खोक्यावर हात फिरवले. पहिल्या धुण्याला दिवाणखान्यात चौदा माणसं होती. सरांना वाटलं होतं की आपण यंत्राच्या तत्त्वावर दोन शब्द बोलावेत. तसे ते उभेही राहिले. पण काचेतून त्यांचे स्वतःचे लेंगे आणि बनियन गरगर फिरताना दिसू लागले, तेव्हा ते पुन्हा खाली बसले. मध्येच एक बनियन काचेला येऊन चिकटलं आणि त्याची तिन्ही भोकं चौदा जणांनी नीट पाहिली.

अडीच तासांनी मशीन वाजलं. कपडे गरम, कोरडे, मऊ. त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. टाकी ओढून काढली, ती काठोकाठ भरलेली निघाली, आणि मग मात्र सगळ्यांनी एकदम 'अबब' केलं. भुजंगरावांनी ते पाणी उजेडात धरून पाहिलं. "एकदम खालिस," ते म्हणाले. "जाळीतनं गाळून घेतलं की कूलरला चालतंय." आणि ती टाकी पोटाशी धरून, एक थेंब न सांडता, ते जिना उतरून गेले. पाऊस पडतच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमाबाई बादली घेऊन आल्या. "सर, फक्त पोरीचा गणवेश. तेवढाच." दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या शिवम्मा आल्या, त्यांच्याकडे चादरी होत्या. संध्याकाळपर्यंत जिन्यात सात बादल्या लागल्या. चौथ्या दिवशी उमाबाईंनी नंबर लिहायला एक वही केली. सर कॉलेजातून घरी येत, तेव्हा त्यांना आपल्याच घरात बसायला जागा मिळत नसे. सोफ्यावर बायका, जमिनीवर बायका, आणि मधोमध खुर्चीत अव्वा, मांडीवर फोडायच्या शेंगांचं सूप. शिवम्मा माहेरच्या उदगीरकडच्या. त्यांच्याशी अव्वा कानडीत बोले, उमाबाईंशी मराठीत, आणि दोघींना एकमेकींचं काय चाललंय ते सांगायचं कामही तीच करी. एकदा तर सर आत आले, तेव्हा अव्वा त्यांच्या लहानपणीची अंथरूण ओलं करण्याची गोष्ट सांगत होती. "तवा असलं मशीन असतं तर बरं झालं असतं," उमाबाई म्हणाल्या. सर न थांबता आत निघून गेले. आतल्या खोलीत त्यांनी उत्तरपत्रिका तपासल्या आणि त्या दिवशी सगळ्यांनाच कमी गुण पडले.

हे सगळं त्यांनी सोसलं असतं. पण ज्याच्यासाठी मशीन आणलं, ते मडीचं लुगडं काही त्यात पडलं नव्हतं. "सगळ्या गावचं धुणं फिरतंय त्यात," अव्वा म्हणाली. "त्यात माझी मडी कशी घालू?" लुगडं काठीवरच ओलं राहिलं. रोज सकाळी अव्वा ते गालाला लावून बघे आणि म्हणे, "वाळलं न्हाई." आणि रोज सकाळी सरांना वाटे, की आता ही निघणार.

त्यातच शालीचं प्रकरण झालं. निवृत्तीच्या समारंभात भुजंगरावांना एक लोकरी शाल मिळाली होती. तिला ओलीचा वास लागला म्हणून त्यांनी ती धुतली आणि सरांना न विचारता मशीनमध्ये घातली. शाल बाहेर आली ती मफलरएवढी होऊन. भुजंगरावांनी ती गळ्याभोवती धरून पाहिली, एकच वेढा बसला. "छत्तीस वर्षांची नोकरी हाय ही," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. सरांनी लोकरीच्या धाग्यांची रचना समजावून सांगायला सुरुवात केली. ती वेळ चुकीची होती. "सोसायटीनं तुमच्यावर इश्वास टाकला, सर," एवढंच बोलून भुजंगराव गेले.

त्या संध्याकाळी सरांनी दारावर सूचना लावली: 'सदर यंत्र यापुढे केवळ घरगुती वापरासाठी आहे. कृपया सहकार्य करावे.' अक्षर सुंदर होतं. मग त्यांनी मशीनचा पिंप आतून तीनदा पुसला, जाळी धुतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वाला म्हणाले, "अव्वा, आता ह्यात कुणाचं काही पडणार न्हाई. तूच तुझ्या हातानं टाक, तूच काढ. मी बटन दाबायलाबी हात धुऊन येतो."

सात किलोंच्या त्या पिंपात एकटं लुगडं फिरू लागलं. अव्वा काचेसमोर बसून बघत होती, घर शांत होतं. सर पाठीमागं उभे होते आणि त्यांना फार बरं वाटत होतं. मशीन वाजलं. अव्वानं लुगडं काढलं, गालाला लावलं, नेसली, पूजा केली, विभूती लावली. बाहेर येऊन म्हणाली, "लई चांगलं वाळलंय."

सरांनी मंजुश्रीकडे पाहिलं. महिनाभराच्या कष्टांचं चीज झाल्यासारखं त्यांना वाटलं. त्या आनंदात ते दोन तास जास्त शिकवून आले.

पाच दिवस लुगडं रोज वाळलं. सहाव्या दिवशी ऊनही पडलं. सर दुपारी घरी आले, तर अव्वा पिशवीत लुगड्यांच्या घड्या भरत होती.

"हे काय, अव्वा?"

"चाकूरला जाते. चारची गाडी हाय."

"अगं पण आता वाळायलंय की सगळं!"

"म्हणून तर जाते. ओली लुगडी घिऊन कुठं जाऊ? वाळत न्हवतं म्हणून थांबले होते."

सर खुर्चीत बसले. हा युक्तिवाद त्यांनी दोन्ही बाजूंनी तपासून पाहिला, आणि तो कुठूनच मोडेना. "पण अव्वा, वाळत न्हाई म्हणून जाते, असं तूच म्हणाली होतीस."

अव्वानं घडी खाली ठेवली. तिचा आवाज उतरला होता. "तू कॉलेजात. मंजू हापिसात. तुझी पोरगी अक्षरा दार लावून परीक्षेचा अभ्यास करायली. सकाळपासनं संध्याकाळपोत्तर भिंतीकडं तोंड करून बसायचं का मी? मधी चार बायका यायच्या तर बरं वाटायचं. चाकूरला निदान शेजारची गौरम्मा येती भाकरी घिऊन. न्हाणीत पडले तर तीच उचलती. हितं कुणाशी बोलू, शिवा? त्या मशीनशी?"

 तीन रकान्यांचा तो कागद, दहापैकी दिलेले गुण, सभा, नांदेड, हे सगळं सरांना आठवलं, आणि बावीस वर्षं शिकवणाऱ्या शिक्षकाला आपण प्रश्नच चुकीचा वाचला होता हे कळून लाज वाटली. ते उठले. दारावरची सूचना त्यांनी टरकावून काढली, न्हाणीघरातली रिकामी बादली उचलली आणि पायात चपलाही न घालता जिना उतरू लागले.

शिवम्मांच्या दाराला कुलूप होतं. पहिल्या मजल्यावर भुजंगरावांनी दार उघडलं. सरांच्या हातातली बादली बघून त्यांनी आधी चष्मा नीट केला.

"भुजंगराव, काही ओले कपडे हायत का?"

"ओले? सर, ऊन पडलंय की. समदं गच्चीवर वाळलं."

"शालसुद्धा चालेल. राहिलेली असंल तर." हे वाक्य आपल्या तोंडून कसं गेलं, हे सरांना कळलं नाही. भुजंगरावांनी हळूच दार लावून घेतलं.

तळमजल्यावर उमाबाई अंगणात कपड्यांच्या घड्या घालत होत्या. दोरीवरून काढलेले, कडक वाळलेले कपडे. सर त्यांच्यासमोर बादली घेऊन उभे राहिले.

"उमाबाई, आमचं मशीन मोकळंच हाय. तुमचं काही वाळवायचं असंल तर..."

"आता कशाला, सर? एवढं लखलखीत ऊन पडलंय."

"उन्हात रंग जातो," सर म्हणाले. ते खरं होतं. पण ते सांगताना सरांचे डोळे भरले होते, आणि रंग उडतो म्हणून कुणी रडत नाही, हे उमाबाईंना ठाऊक होतं. त्यांनी सरांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं.

"आजी निघाल्या का?"

सरांनी मान हलवली. "चारच्या गाडीनं."

 घडी घातलेले कपडे उमाबाईंनी विस्कटून सरांच्या बादलीत कोंबले, बादली कमरेवर घेतली, मागच्या दाराशी ऊन खात बसलेल्या शिवम्मांना हाक मारली आणि जिना चढू लागल्या. सर मागून गेले.

अव्वा दाराशी पिशवी घेऊन उभी होती. "आजी," उमाबाई धापा टाकत म्हणाल्या, "लई घाई हाय. पोरीचा गणवेश ओला ऱ्हायलाय बघा. अन् तुम्ही हुब्या कशाला? बसा की."

अव्वानं बादलीतला गणवेश उचलला. बोटांनी चाचपला, गालाला लावून पाहिला. तो उन्हानं अजून गरम होता. तिनं उमाबाईंकडे पाहिलं, त्यांच्या मागं तोंड पाडून उभ्या असलेल्या लेकाकडे पाहिलं.

"हाव," ती म्हणाली. "चिंब हाय. बस, दोन-तीन तास तर लागतीलच."

पिशवी तिनं भिंतीला टेकवून ठेवली आणि शेंगांचं सूप आणायला ती आत गेली. शिवम्माही येऊन सोफ्यावर टेकल्या. सरांनी कपडे मशीनमध्ये भरले आणि बटन दाबलं. हीट पंपवाल्या यंत्रांत ओल मोजायची सोय असते. ओल संपली की यंत्र आपोआप थांबतं, आणि त्यासाठीच सरांनी त्याला दहापैकी नऊ गुण दिले होते. आठच मिनिटांत यंत्र थांबलं आणि कपडे पूर्ण कोरडे असल्याचं त्यानं ठणकावून सांगितलं.

 सर यंत्राच्या पेटलेल्या दिव्याकडे बघत राहिले.

"त्याला काय कळतंय," अव्वा शेंग फोडत म्हणाली. "परत लाव."